अडुळशाच्या पानात काय असतं?

(महिला संघाच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'आदिवासी भागातील आरोग्यसेवा'. या विषयावर आम्ही कार्यकर्ते काय बोलतो ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. शिबिरं किती झाली, चष्मे किती वाटले, घोंगड्या किती दिल्या. तो सगळा हिशेब छापून तुमच्या खुर्च्यांवर ठेवला आहे, घरी निवांत वाचा. आज मी एका झाडाविषयी बोलणार आहे. झाड तुमच्या ओळखीचं आहे, तुमच्यापैकी निम्म्या घरांच्या कुंपणाला असेल. अडुळसा. या एका झाडापायी माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि त्या दोन्ही चुका एकमेकींच्या अगदी उलट होत्या.

आधी भाग समजून घ्या. आपला अहिल्यानगर जिल्हा म्हटला की पाथर्डी, जामखेडचा दुष्काळ डोळ्यांपुढे येतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. घाटघरला एवढा पाऊस पडतो की त्याला नगरचं चेरापुंजी म्हणतात. तिथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्याचे चार महिने घरात चूल धुमसत असते, ओली लाकडं, कोंडलेला धूर, अंगावर न वाळलेले कपडे. खोकला नाही असं घर तेव्हा सापडत नाही. आणि खोकला आला की पहिला हात जातो तो अडुळशाकडे.

मी कामाला लागले तेव्हा माझ्याकडे थिऑलॉजीचा डिप्लोमा होता, समाजकार्याचं थोडंफार प्रशिक्षण होतं आणि उत्साह भरपूर होता. औषधी वनस्पतींवरचं एक पत्रक कुठल्याशा शिबिरात मिळालं होतं. त्यात अडुळशाचा काढा दिला होता. पानं उकळा, पाणी निम्मं आटवा, गूळ घाला, दिवसातून तीनदा घ्या. एवढ्या भांडवलावर मी वाड्या फिरत होते.

एका ठाकरवाडीत एक सून आठ दिवस खोकत होती. रात्री झोप नाही, खोकून खोकून बरगड्या दुखायला लागलेल्या. पाचवा महिना होता तिला. मी म्हटलं, अगं, औषध तर तुझ्या कुंपणाला आहे! आणि स्वतः चुलीवर पातेलं ठेवलं. काढा गाळून वाटीत ओतला, तिने तोंडाला लावला, तेवढ्यात तिची चुलतसासू आत आली. ही म्हातारी त्या चार वाड्यांची सुईण. तिने वास घेतला आणि सुनेच्या हातातली वाटी काढून अंगणात फेकली.

"बाई, हिचं पोट पाडायचंय का तुम्हाला?" मला म्हणाली. "बाळंतीण मोकळी झाल्यावर देत्यात ह्यो काढा. आधी नाय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मनात आलं ते हेच, की झाली यांची अंधश्रद्धा सुरू. आपल्या मंडळ्यांतही हा विचार खोल बसलेला आहे. झाडपाला म्हटला की आपल्याला भगताचा अंगारा आणि उतारा आठवतो, दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून आपण बाजूला ठेवतो. मीही तेच केलं.

नगरला आले तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका वडिलांना मी ही हकिगत सांगितली. ते महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "देवाचे आभार मानून त्या बाईच्या पाया पड."

मग त्यांनी मला शिकवलं. दहावीला विज्ञानात मी काठावर सुटलेली बाई आहे, म्हणून जसं समजलं तसं सांगते.

अडुळशाचं पान चावून पाहिलंय कुणी? कडू जहर. त्या कडूपणामागे अल्कलॉइड नावाची द्रव्यं आहेत. चहातलं कॅफीन, तंबाखूतलं निकोटीन, हिवतापावरचं क्विनाईन ही याच कुळातली. वनस्पती ती बनवते बहुधा स्वतःच्या रक्षणासाठी, कीड लागू नये, जनावराने खाऊ नये म्हणून. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणूनच तो कुंपणाला लावतात. त्याच्या शास्त्रीय नावातला 'अधाटोडा' हा शब्द तमिळमधून आला आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'शेळी न शिवणारा' असा सांगतात. शेळी बाभळीचे काटे खाते, भिंतीवरचा कागद खाते, आमच्या एका शिबिराचा बॅनर तिने अर्धा खाल्ला होता. ती ज्याला शिवत नाही त्यात काहीतरी असणारच.

त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे व्हॅसिसीन. संस्कृतात अडुळशाला वासा किंवा वासक म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. निलगिरीत उटीला सिंकोनाच्या सालीवर काम करणारे सरकारी रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. सुकलेल्या पानात अशी अल्कलॉइडं साधारण अर्धा ते दोन टक्के भरतात. कोवळं पान, जून पान, ऋतू, जमीन, यांवर ते प्रमाण बदलतं. पान सुकताना हवा लागली की व्हॅसिसीनचा काही भाग व्हॅसिसिनोन या दुसऱ्या द्रव्यात बदलतो. श्वासनळ्या सैल करण्याचा गुण या दोन्हींशी जोडला जातो. छातीत चिकटलेला कफ पातळ होतो, सुटून येतो, माणूस मोकळा श्वास घेतो.

हेच द्रव्य पुढे युरोपात गेलं. जर्मनीतल्या रसायनतज्ज्ञांनी व्हॅसिसीनच्या रेणूची रचना समोर ठेवून त्यात फेरफार केले, ब्रोमीनचे दोन अणू बसवले आणि एक नवं द्रव्य तयार केलं. १९६३ मध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं. त्याचं नाव ब्रोमहेक्सिन. आपल्या शरीरात ब्रोमहेक्सिनपासून जे बनतं ते अँब्रोक्सॉल, तेही पुढे वेगळं औषध झालं. घरी गेल्यावर कपाटातली खोकल्याची बाटली काढा, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. यातलं एक नाव सापडण्याची बरीच शक्यता आहे. मी वाचलं तेव्हा माझ्या आईच्या कपाटातल्या बाटलीवर ते होतं. म्हणजे मी ज्याला झाडपाला म्हणून नाक मुरडत होते, त्याचाच लांबचा नातू आमच्या घरात चमच्याने मोजून घेतला जात होता.

आता सुईणीची गोष्ट. व्हॅसिसीन गर्भाशयाचे स्नायू आकुंचित करतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं आणि तिथल्या डॉ. अटल यांनी १९८० मध्ये व्हॅसिसीनवर जे पुस्तक काढलं त्यात त्याला कळा आणणारं आणि गर्भ पाडणारं द्रव्य असंच म्हटलं आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसून रक्तस्राव थांबावा म्हणून जो गुण उपयोगी, तोच गुण पाचव्या महिन्यात घातक ठरू शकतो. म्हातारीने सांगितलं ते एवढंच होतं. बाळंतीण मोकळी झाल्यावर, आधी नाही. तिला व्हॅसिसीन हे नाव माहीत नव्हतं. मला तर तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

त्या सुनेच्या पोटात एक-दोन घोटच गेले होते. दिवस भरले, मुलगी झाली, सुखरूप. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली गिलगालची गोष्ट आठवली. दुष्काळ होता, संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी हंडा चढवला होता. त्यातला एक जण रानात भाजी आणायला गेला, अनोळखी वेलीची फळं ओटीभर घेऊन आला आणि चिरून हंड्यात टाकली. त्याचा हेतू चांगलाच होता. पहिल्या घासाला सगळे ओरडले. आपण ही गोष्ट अलीशाच्या चमत्कारासाठी सांगतो. ओटीभर फळं घेऊन उत्साहाने परत येणाऱ्या त्या माणसाकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

ही झाली पहिली चूक. दुसरी मला जास्त बोचते, कारण ती शहाणपण आल्यावर झाली.

सुईणीच्या प्रसंगानंतर मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. म्हातारीच्या मागे मागे रान फिरायला लागले. तिने मला अडुळशाचा रस काढायची रीत दाखवली. अडुळशाचं पान कोरडं, नुसतं वाटून रस निघत नाही. ती पानं ठेचून पळसाच्या पानांत गुंडाळायची, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्याखालच्या गरम राखेत पुरायचं. थोड्या वेळाने उकललं की वाफाळलेला लगदा, तो फडक्यात पिळला की हिरवा रस. त्यात मध. आयुर्वेदात याला पुटपाक म्हणतात हे मला नंतर कळलं. मी भारावून गेले होते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळलं की अकोल्याच्या आदिवासी बाईच्या मडक्यांत किती जातींचं बियाणं जपलेलं असतं. बियाण्याला तो मान मिळाला. पाल्याच्या जाणकार बायकांना कोण विचारतं? असं मी सभांमधून तावातावाने बोलत असे.

त्याच दिवसांत शेजारच्या वाडीतला एक माणूस खोकत होता. वय पस्तीसच्या आसपास, मजुरीला नारायणगावकडे जाऊन-येऊन असणारा. थुंकीत रक्ताची रेघ दिसली होती. घरच्यांनी अडुळसा सुरू केला. मला विचारलं, बाई, चालेल ना? मी म्हटलं, चालेल की, उत्तम औषध आहे. वैद्यांच्या परंपरेत तर क्षय आणि रक्तपित्त यांवर वासा हे मोठं औषध मानलेलं आहे. मी ते नुकतंच वाचलं होतं आणि वाचलेलं सांगायची मला हौस होती.

अडुळशाने त्याला आराम पडला, हीच पंचाईत झाली. कफ सुटायला लागला, छाती हलकी वाटू लागली, रक्त दिसायचं थांबलं. घरचे खूश, मीही खूश. अडीच महिने गेले. मग एका सकाळी त्याला इतकं रक्त पडलं की झोळी करून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. थुंकी तपासली, क्षयाचे जंतू भरपूर. अडीच महिने तो त्याच एका खोलीत खोकत होता आणि त्याच्या शेजारी त्याची सहा वर्षांची मुलगी झोपत होती. तिच्या मानेत गाठी आल्या. तिलाही क्षय निघाला.

प्राध्यापकांकडे मी पुन्हा गेले. या वेळी ते माझ्यावर चिडले, आणि बरोबर चिडले. म्हणाले, कफ पातळ होणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. खोकला हे त्या घरातल्या आगीचा धूर आहे, तू खिडकी उघडून दिलीस आणि आग विझली असं समजलीस. मी विचारलं, मग अडुळशाचा क्षयाशी काहीच संबंध नाही का? तेव्हा त्यांनी सांगितलं की १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल यांनी क्षयाच्या जंतूंची वाढ रोखलेली दिसली होती. पण काचेच्या नळीत. माणसाच्या फुफ्फुसात नाही. आणि तीही पानं नव्हती, पानातल्या द्रव्यावरून बनवलेली औषधं होती. नळीतल्या जंतूपासून वाडीतल्या माणसापर्यंतचं अंतर फार मोठं आहे. परंपरेतल्या वैद्यांकडे क्षयाचे जंतू मारणारं दुसरं काही नव्हतं, तेव्हा त्यांनी वाशाचा आधार घेतला. आपल्याकडे सहा महिन्यांचा औषधोपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, तरी आपण पानं उकळत बसलो तर तो दोष पानांचा नाही.

तो माणूस वाचला. औषधाचा कोर्स पुरा केला. पण फुफ्फुसाचा एक भाग कायमचा गेला, आता तो डोंगर चढू शकत नाही. डोंगरातल्या माणसाला चढता येत नाही म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा. मुलगी पूर्ण बरी झाली. ती आता आपल्या वसतिगृहात सातवीत आहे. तिच्या वडिलांपुढे मी चूक कबूल केली. ते म्हणाले, "तुम्ही काय करणार बाई, आम्हीबी तेच करत होतो." त्यांनी माफ केलं. तरी मला ते अडीच महिने आठवतात.

मागच्या वर्षी प्राध्यापकांनी वसतिगृहातल्या मुलींना एक प्रयोग करून दाखवला. वाळलेल्या अडुळशाची भुकटी सौम्य आम्लात उकळली, गाळली, नळीत घेतली आणि त्यात ड्रॅगेनडॉर्फ नावाच्या अभिकर्मकाचे दोन-तीन थेंब टाकले. हे बिस्मथ आणि आयोडीनयुक्त रसायन असतं. क्षणात नळीत नारिंगी साका बसला. अल्कलॉइड असल्याची ती खूण. मुली ओरडल्याच. शेजारी दुसऱ्या नळीत साध्या चिंचेच्या पानांचा अर्क ठेवला होता, त्यात तसा साका आला नाही. मुलींमध्ये एक त्या सुईणीची नात होती. तिने नळी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिली आणि म्हणाली, "आजीला दाखवायला नेऊ का?" नेऊ दिली नाही, आत आम्ल होतं. मग तिने वहीत नारिंगी खडूने चित्र काढलं आणि सुट्टीत आजीला ते दाखवलं. आजीने चित्र पाहिलं म्हणे, आणि विचारलं, "ह्यात मध कुठंय?"

आता आम्ही काय करतो ते थोडक्यात. सुईणीला आम्ही काढा द्यायला बंदी केली नाही. करून ती थांबली असती असंही नाही. साध्या सर्दी-खोकल्याला तिचा अडुळसा चालू आहे. पण काढा मागायला कुणी आलं की ती आता आधी एक प्रश्न विचारते, किती दिस झालं? दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल, किंवा थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, अंग उतरणं यांतलं काही असेल, तर ती काढा देत नाही, आशाताईला निरोप धाडते. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात थुंकी तपासायला जे लोक वेळेवर पोहोचले त्यांतले कितीतरी तिने पाठवले आहेत. आमच्या पत्रकांनी तेवढे पोहोचवले नाहीत. आणि पोटुशी बाई असेल तर तिला परसाकडच्या अडुळशाकडे ती बघूही देत नाही. तिला खोकला असेल तर थेट परिचारिकेकडे.

अडचण दुसरीच आहे. तपासणी फुकट, औषध फुकट, पण वाडीवरून दवाखान्यापर्यंत जाणं फुकट नाही. एसटी दिवसाला एक-दोन, चुकली तर जीप. रोग्याबरोबर एक माणूस जाणार, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. सरकार क्षयरोग्याला उपचाराच्या काळात आहारासाठी बँक खात्यात पैसे देतं, २०१८ साली महिना पाचशे रुपयांपासून ही योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार रुपये झाले आहेत. पण ते खातं आधारला जोडलेलं हवं, आणि ज्या बाईच्या नावावर खातंच नाही तिचं काय? तुम्ही कापणीच्या सणाला जे अर्पण अकोल्याच्या कामासाठी देता, त्यातला मोठा वाटा या अशा गोष्टींना जातो. गाडीभाडं, सोबतीच्या माणसाची एका दिवसाची भाकरी, बँकेतल्या रांगेत आमच्या कार्यकर्तीचा गेलेला दिवस. अहवालात ते 'प्रवासखर्च' या एकाच ओळीत आहे. गेल्या मेळाव्यात एका भगिनीने विचारलं होतं की प्रवासखर्च एवढा का? म्हणून सांगितलं.

आणखी एक. आपल्यापैकी काही जणांना वाटतं की प्रार्थनेवर विश्वास असेल तर औषध कशाला, आणि काहींना वाटतं की आधुनिक औषध असेल तर झाडपाला कशाला. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता तेव्हा यशयाने त्याच्यासाठी देवाचं वचन आणलं आणि त्याच वेळी गळवावर अंजिरांचा लेपही लावायला सांगितला. यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात नदीकाठच्या झाडांची पानं औषधासाठी आहेत असं येतं, प्रकटीकरणाच्या शेवटीही तशीच पानं आहेत. मी हे अध्याय डिप्लोमाच्या परीक्षेसाठी पाठ केले होते. पानं म्हणजे आध्यात्मिक आरोग्य, असं उत्तर लिहून मला चांगले गुण मिळाले होते. आज ते उत्तर लिहायला बसले तर मला बराच वेळ लागेल.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. मागच्या टेबलावर अडुळशाच्या फांद्या ठेवल्या आहेत, वाडीवरून कालच आणल्या. पांढरं, आत जांभळट रेघा असलेलं फूल आलंय, ते सिंहाच्या उघड्या जबड्यासारखं दिसतं का बघा. ज्यांना कुंपणाला लावायचा असेल त्यांनी एकेक फांदी न्यावी, पेर जमिनीत गेलं की फुटतो. कुणाच्या सुनेला दिवस गेले असतील तर फांदी लावायला द्यायला हरकत नाही, काढा मात्र करू नका. आणि कुणाच्या घरी दोन आठवड्यांवर खोकला असेल, इथे नगर शहरातसुद्धा, तर फांदी इथेच ठेवा आणि उद्या सकाळी थुंकी तपासायला जा.